ओळखीचा श्वास

मुरबाडच्या दवाखान्याच्या ओट्यावर माझ्यापुढं एक आंधळी म्हातारी नि तिची सून रंगू बसल्या होत्या. शेजारी त्यांच्या गावची जिवली, मांडीवर तान्ही पोर घेऊन.

"नवऱ्याला आत नेलाय, जिवले. अफू खातो."

"तुला कसं कळलं गो?"

"मला कुठं कळलं! त्यानं आंबट सोडलं, सारखा गूळ मागायचा, बसल्या जागी पेंगायचा. मला वाटं, कामानं थकलाय. सासूनं ओळखलं."

"बाईजाकाकीनं? तिला तर दिसत नाय!"

"दुपारचा तो पडवीत निजला होता. ही उशाशी बसून ऐकत राहिली, नि बोलली, ह्यानं अफू खाल्लीय."

"नुसत्या श्वासावरनं? बाय गो!"

"मी बी हेच इचारलं, तर बोलली, हा श्वास माझ्या ओळखीचा हाय. तो तान्हा असताना लावणीला जायच्या आधी मीच त्याला अफूची गोळी चाटवायची. बांधावर टोपलीत असाच निजायचा."

जिवलीनं मांडीवरच्या पोरीवर पदर ओढला. म्हातारीनं तिच्याकडं कान वळवला.

"जिवले, तुझी पोर कधीपासून निजलीय गो?"