नबीहाबाईंनी वाचलेली नावं

आजच्या सभेचे अध्यक्ष डॉ. बासुलैम, व्यासपीठावर बसलेल्या महिला संघाच्या अफराहबाई, वेळात वेळ काढून आलेले बंदर खात्याचे अधिकारी, रेडिओतले माझे जुने सहकारी, म्हणजे त्यांतले जे उरले आहेत ते, आणि पंखे बंद असतानाही जागा न सोडणारे मुअल्ला भागातले नागरिकहो, आपणा सर्वांना माझा सलाम.

जनरेटरमध्ये डिझेल किती उरलंय ते संयोजकांनी मघाशी माझ्या कानात सांगितलंय. भाषण लांबलं तर उरलेलं अंधारात ऐकावं लागेल. एडनकरांना त्याचं काही वाटू नये.

निमंत्रणपत्रिकेवर 'सत्कार' असा शब्द छापला आहे. अफराहबाई मला म्हणाल्या, "निरोप लिहू नका, फार वाईट वाटतं." पण नबीहाबाई मुक्बिल परवाच्या विमानानं कैरोला मुलीकडे निघाल्या आहेत आणि परत यायचा विचार त्यांनी केलेला नाही. याला दुसरं काय म्हणावं? आपण त्यांच्या गळ्यात मोगऱ्याचा हार घातलात, शाल दिलीत. ते सगळं त्यांनी हसतमुखानं घेतलं. दोन शब्द बोलायला मात्र त्यांनी नकार दिलाय. ज्या बाईला सगळं शहर आवाजावरून ओळखतं, तिच्या सत्काराला ती बोलणार नाही, आणि जन्मभर काचेच्या पलीकडे गप्प बसून यंत्राच्या खुंट्या फिरवणारा अवद सालमीन बोलतोय. असो.

इंग्रज गेले तेव्हा आम्ही पोरं होतो. वाटलं, आता आपलं राज्य. मग आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांना तुरुंगात टाकलं. एक अध्यक्ष गेला, दुसरा आला, दुसऱ्याला तिसऱ्यानं घालवलं. त्या धामधुमीत एक शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलेली मुलगी आमच्या रेडिओ केंद्रावर आवाजाच्या चाचणीला आली. मी तिला म्हटलं, "काहीही वाच." तिनं पर्समधून औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद काढला आणि वाचला. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, लहान मुलांपासून दूर ठेवा. मंडळी, आमचे संचालक उठून उभे राहिले. तो आवाज तुम्ही ऐकला आहे, मी काय वर्णन करू? खोटं बोलत असेल असं कुणाला वाटूच नये, असा तो आवाज होता. पुढे सगळा घात त्यातच झाला.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. शहाऐंशी सालच्या जानेवारीत सत्ताधारी पक्षाच्या बैठकीतच गोळ्या सुटल्या. कॉम्रेडांनी कॉम्रेडांना मारलं. आम्ही सकाळी तवाहीतल्या केंद्रावर कामाला आलो होतो, दुपारपर्यंत परतीचे रस्ते बंद झाले. केंद्र एका गटाच्या ताब्यात होतं. नबीहाबाईंचा भाऊ थाबित मंत्रालयात होता आणि दुसऱ्या गटाचा मानला जाई.

एक अधिकारी आला. परका नव्हता, दर ईदला आमच्याकडे चहाला यायचा. त्यानं नबीहाबाईंच्या हातात निवेदन दिलं. कट करणाऱ्या गद्दारांना देहदंड दिला, असं त्यात होतं आणि खाली नावं. नबीहाबाईंची सवय होती, आधी एकदा मनात वाचायचं. वाचता वाचता त्या थांबल्या.

"यात थाबित आहे."

"आहे."

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणून तर आधी वाचायला दिलं. पाणी प्या, मग बसा."

"तुम्ही पाहिलंत का त्याला मेलेला?"

"कॉम्रेड नबीहा, बाहेर रस्त्यारस्त्यावर माणसं पडलीत. एकेकाचं तोंड बघत बसू का मी?"

"आणि मी नाही वाचलं तर?"

"तर अवद वाचेल. आणि मग तुम्ही दोघंही इथून घरी जाणार नाही."

त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाल्या, "अवदभाऊंना लहान पोरं आहेत. त्यांना यात ओढू नका." आणि माइकसमोर जाऊन बसल्या.

सभ्य स्त्रीपुरुषहो, त्यानंतर जे झालं ते मी यंत्रावर बघत होतो. माणूस घाबरला, रडवेला झाला की यंत्रावरची सुई आधी सांगते, कान नंतर. त्या निवेदन वाचत गेल्या. थाबित सालिह मुक्बिल हे नाव आलं. आधीच्या नावाइतकंच स्पष्ट, पुढच्या नावाइतकंच शांत. सुई होती तिथंच राहिली.

बाहेर येऊन त्या बोळातल्या फरशीवर बसल्या. मी चहा आणून दिला, तो संपवला. मग मला विचारलं, "उच्चार नीट झाले ना?" मी म्हटलं, "झाले." दुसरं काय म्हणायचं असतं अशा वेळी, तुम्हीच सांगा.

क्रेटर मोहल्ल्यातल्या घरी त्यांच्या आईनं हे ऐकलं. मुलगा गद्दार होता, मारला गेला, आणि हे सांगणारी मुलगी. शेजारपाजारचं कुणी सांत्वनाला आलं नाही, गद्दाराच्या घरी कोण येणार? थाबितची बायको गरोदर होती. ती आणि आई, दोघीच दार लावून घरात रडत बसल्या.

आणि थाबित जिवंत होता. शेख उस्मान वस्तीत एका मासळीवाल्याच्या घरात बर्फाच्या पेट्यांमागे लपला होता. तिथल्या रेडिओवर त्यानं बहिणीच्या तोंडून स्वतःचं मरण ऐकलं. पुढे पारडं फिरलं, त्याचा गट जिंकला आणि नवे मालक केंद्रावर आले. त्यांच्यात तो होता. दाढी वाढलेली, अंगाला मासळीचा वास. नबीहाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"काय बघतेस?" तो म्हणाला. "ओळखलंस, की कागद बघून सांगतेस?"

त्या रडू लागल्या. तोच पुढे झाला, त्यांना जवळ घेतलं. "रडू नकोस. नोकरी होती तुझी. खरं सांगू का, तुझ्या आवाजात ऐकलं तेव्हा क्षणभर मलाही पटलं. वाटलं, गेलो बुवा आपण."

दोघं हसली. मीही हसलो. मग त्यानं खिशात हात घातला आणि घडी घातलेला कागद काढला. "आता हे वाच," तो म्हणाला.

त्यातही नावं होती. आता दुसऱ्या बाजूची. शब्द तेच, गद्दार, कट, देहदंड. ईदला चहाला येणारा अधिकारीही त्यात होता. त्यांनी विचारलं, "थाबित, ही माणसं खरंच मेलीत?"

"तू वाच ना. माझं वाचलंस की."

भाऊ जिवंत परत मिळाल्याच्या आनंदात त्यांनी तेही वाचलं.

संध्याकाळी मी दोघांना गाडीनं घरी सोडलं. आईनं मुलाला कुरवाळलं, तोंडावरून हात फिरवला, देवाचे आभार मानले. मग ती मुलीकडे वळली. "तुझ्यावर बंदूक रोखली होती, मला कळतं," ती म्हणाली. "पण तुझा आवाज जरा तरी कापायला हवा होता."

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी वाहवा मिळाली, तीच आईच्या लेखी गुन्हा ठरली.

चार वर्षांनी देशाचे उत्तर आणि दक्षिण हे दोन भाग एक झाले. ती घोषणा वाचायचा मान नबीहाबाईंना मिळाला. आपण सगळे रस्त्यावर नाचत होतो, आठवतं? आणि त्या दिवशी, फक्त त्या दिवशी, त्यांचा आवाज भरून आला. घरी गेल्या तर आई म्हणाली, "आज कापला. झेंड्यासाठी कापला." ती त्यानंतर फार जगली नाही आणि हा विषय तिनं पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं नबीहाबाईंनी मला एकदा सांगितलं.

एकीचं पुढे काय झालं ते मी इथं बसलेल्यांना काय सांगू? चार वर्षांत उत्तरेचं सैन्य आपल्या दारात आलं. ऐन उन्हाळ्यात शहराचं पाणी तोडलं. थाबित दक्षिणेसाठी लढला, हरला. मच्छीमारांच्या होडीतून जिबूतीला पळताना त्यानं मुलाला बहिणीच्या दारात आणून सोडलं. वहिनी तोवर आजारानं गेली होती. "हैदराला बघ," एवढंच म्हणाला. स्वतः तिकडेच एका भाड्याच्या खोलीत वारला. कबरसुद्धा नबीहाबाईंनी पाहिलेली नाही.

हैदराला त्यांनी आईच्या मायेनं वाढवलं. आपल्या लेकीच्या, सुहैरच्या ताटातला माशाचा मोठा तुकडा त्याला वाढायच्या, मी पाहिलंय. हट्टी मुलगा, पण लाघवी. वीसेक वर्षांनी पुन्हा उत्तरेकडून बंदुका आल्या तेव्हा तो तवाहीत लढायला उभा राहिला आणि वाचला. शहर मोकळं झालं म्हणून आपण मिठाई वाटली. रेडिओ तोवर कायमचा बंद पडला होता, पण मला वाटलं, आता तरी संपलं. तुम्हालाही वाटलं असेल. मग ज्यांनी मिळून शहर सोडवलं तेच एकमेकांवर उलटले. हैदरा त्यांतल्या एका टोळीत मोठ्या हुद्द्यावर होता.

एके दुपारी मी नबीहाबाईंकडे बसलो होतो. हैदरा आला, बूट दारातच काढले, आत्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग मोबाइल पुढे केला.

"आत्या, एक निवेदन वाचायचंय. मी रेकॉर्ड करतो. तासाभरात गावभर जाईल."

"तुमच्याकडे पोरी नाहीत का वाचायला?"

"तुझ्या आवाजावर लोक विश्वास ठेवतात."

"नावं आहेत त्यात?"

"आहेत."

"मेलीत ती माणसं?"

"मरतील."

त्यांनी मोबाइल हळूच उलटा करून चटईवर ठेवला. "चहा घे," म्हणाल्या.

"आत्या, मी माणसांना शब्द देऊन आलोय."

"मी नाही वाचणार, हैदरा."

"माझ्या बापाचं वाचलंस. मी आईच्या पोटात होतो तेव्हा वाचलंस. ही तर परकी माणसं आहेत."

खोलीत मी होतो, तरी तो बोलला. त्या एवढंच म्हणाल्या, "ज्याचं वाचलं त्याच्याच मुलाला सांगतेय. यातून बाहेर पड. तुझ्या बापाकडे पळून जायला होडी तरी होती."

तो उठला. चहा तसाच राहिला. दारात वाकून बूट घालताना त्यानं एक नाडी ओढून तोडली. म्हणाला, "आता उशीर झाला, आत्या." मला वाटलं रागावलाय. नबीहाबाईंना तेव्हाच कळलं होतं की तो घाबरलाय.

ते निवेदन कुणीतरी दुसऱ्याच मुलीनं वाचलं. गावभर फिरलं. ती माणसंही मेली. नबीहाबाईंच्या नकारानं एकही माणूस वाचला नाही, हे मला इथं स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण मघाशी एका वक्त्यांनी त्यांच्या 'निर्भय मौनाचा' गौरव केला. त्या गौरवाचा त्यांना फार त्रास होतो. त्याच आठवड्यात हैदराला त्याच्याच साथीदारांनी विमानतळाच्या रस्त्यावर गाठलं. त्याच्यावर काय आरोप होता, ते आजतागायत कुणाला नीट सांगता आलेलं नाही. त्याच्याही नावाचं निवेदन निघालं. ते मोबाइलवर नबीहाबाईंनी ऐकलं, एकदाच, आणि मोबाइल सुहैरकडे दिला. प्रेत मिळायला दिवस लागले. दफनाला आम्ही मोजकेच होतो. बाकीच्यांनी का यायचं टाळलं ते मला माहीत आहे, त्यांना दोष देत नाही. त्यांतले काही जण आज या सभागृहात आहेत, त्यांचंही स्वागत.

पुढे सुहैर कैरोला गेली आणि तेव्हापासून त्यांना तिकडे बोलावत होती. त्या जात नव्हत्या. मीच म्हणायचो, "जाऊ नका. शहर असं किती दिवस राहणार?" आता तेही म्हणत नाही. काल त्यांना बांधाबांधीला मदत करायला गेलो होतो. न राहवून विचारलं, "तिथं करमेल का तुम्हाला? ना समुद्र, ना आपली माणसं."

त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "अवदभाऊ, तुम्ही बाजारात गेलात की काय होतं?"

"काय होणार? मासे घेतो, भाव करतो, येतो."

"मी भाव करत नाही. बोट दाखवते. तोंड उघडलं की कुणीतरी मान वर करतं. परवा पाव घेताना चुकून बोलले. भट्टीवरची बाई म्हणाली, तुम्ही रेडिओवाल्या ना? माझ्या वडिलांचं नाव तुम्हीच वाचलं होतं. रागावली नव्हती हो. उलट पाव गरम निवडून दिला. विचारत होती, 'तुम्हाला तेव्हा कागदात आणखी काही लिहिलेलं दिसलं होतं का? त्यांना कुठं पुरलं वगैरे?'"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगू? फक्त नाव होतं." त्यांनी पेटी बंद केली. "कैरोत मला कुणी ओळखत नाही. तिथं दुकानात जाऊन मोठ्यानं पाव मागणार आहे."

मंडळी, आता आवरतं घेतो. महिला संघानं हा समारंभ घडवून आणला, डॉ. बासुलैम यांनी प्रकृती बरी नसताना अध्यक्षपद स्वीकारलं आणि आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर या म्हाताऱ्याला मोठ्या मनानं क्षमा करा. नबीहाबाई, सुखरूप जा. विमानतळावर मी सोडायला येईन. त्या रस्त्यानं तुम्हाला एकटीला जाऊ देणार नाही.