न दुखणारा थेंब

सोळा सोमवार केले होते मी, कमलाकांतभाऊ — ह्यांना कायमची नोकरी लागावी म्हणून — आणि लागली कुठे, तर तुमच्या बोईसरच्या काचेच्या कारखान्यात, तुमच्याच हाताखाली! बसा, बसा. केळी ठेवा तिकडे कोनाड्यात. केळ्यांनी बोट काही परत उगवत नाही. हे झोपलेत, उठवणार नाही मी. काय म्हणता, सोमवारपासून पाठवू? नऊ बोटांनीही काम होतं? वा! आणि फोरमन म्हणवता स्वतःला!

मग सांगा, कंदिलाच्या चिमण्यांवर नक्षी काढता ते ॲसिड काचेच्या बाटलीत का ठेवत नाहीत? — नाही ना माहीत! अहो, काच खातं ते, म्हणून मेणाची नाहीतर प्लास्टिकची बाटली. पालघरच्या डॉक्टरांनी समजावलं मला, चौथी शिकलेल्या बाईला — आणि तुम्ही इतकी वर्षं बाटली हाताळून ह्यांना सांगता, ‘सौम्य आहे रे नरहरी, पुस्तकात लिहिलंय.’ सौम्यच! हायड्रोजन आणि फ्लोरिन, दोघांची जोडी पाण्यातसुद्धा सहजी सुटत नाही म्हणून सौम्य — आणि सुटत नाही म्हणूनच तशीच जोडीनं कातडीतून आत शिरते, पार हाडातल्या चुन्यापर्यंत. दुसरं ॲसिड परवडलं, पडलं की माणूस बोंबलतो तरी! हे कधीकधी तासन् तास दुखतच नाही. तिकडे अक्करपट्टीला अणूची वीज काढायला निघालेत, आणि तुमच्याकडे हात धुवायला नळ नाही — थेंब पडला, ह्यांनी विजारीला पुसला नि आले घरी, उद्यापनाला.

हसू नका. उद्यापनाला जोडीनंच बसावं लागतं. चुरमा झालेला, भटजी आलेले. अभिषेक अर्ध्यावर आला नि हे कानाशी म्हणाले, ‘अगं, बोट ठणकतंय.’ बघितलं तर लाली नाही, फोड नाही, नुसतं पांढरंफटक. आणि मी — मी काय केलं असेल? धोतराचा सोगा ओढून खाली बसवलं. ‘संकल्प सोडलाय, आरतीपर्यंत उठायचं नाही.’ — तासभर, भाऊ. घामानं निथळत आरती म्हटली त्यांनी. बोट कापल्यावर डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या पाण्याखाली धरायला हवं होतं, निदान चुन्याची सुई तरी लवकर टोचायला...

डॉक्टरांचं हे म्हणणं कुणाला सांगितलं नव्हतं मी. ह्यांनाही नाही. आणि बोलले कुणापाशी, तर तुमच्यापाशी!

असो. येतील हे सोमवारी. माझा महादेव रागावलेला नाही, नऊ बोटं राखलीत त्यानं. पण मी नवा नेम धरलाय — कुणी ‘ठणकतंय’ म्हटलं की पूजा तिथंच थांबवायची, देव थांबतो तेवढा. तुम्हीही धरा. ‘नळ बसल्याशिवाय बाटली उघडणार नाही, आणि थेंब पडला, दुखो न दुखो, तो माणूस कामावरून उठेल.’ म्हणा माझ्यामागून. ही पाण्याची पळी घेतली मी, संकल्प सोडायला.

बघता काय? उजवा हात पुढे करा.