अजगराचं तप

—नाय, पुढच्या दारानं नाय डॉक्टर, इकडं, गोठ्याकडनं या. चपला राहू द्या पायात, शेण हे. गाय? गायीला काय धाड भरलीये, ती बघा कशी मजेत रवंथ करून राहिली. तुम्हाला गायीच्या नावानं बोलावलं, कबूल, पण खरं सांगितलं असतं तर नागपंचमीच्या सकाळी तुम्ही आले असते का? नसते. आन् अख्ख्या मखमलाबादला कळलं असतं ते वेगळंच — गोटीरामनं नागोबाला डॉक्टर लावला! हसा, हसा. दुसऱ्याच्या घरी असतं तर मी बी हसलो असतो. पण जरा लवकर हसा, बाया येतील आता लाह्या-दूध घेऊन, त्याच्या आत काय ते उरकायचं हे. डोकं सांभाळा, चौकट ठेंगणी हे.

हा बघा तो. घाबरू नका — आं? नाय घाबरले? मग माझ्यापेक्षा बरे तुम्ही, मी पहिले दोन महिने या खोलीत खाकरून यायचो, जसं काय आत नवी सून बसलीये. नाग कुठला, अजगर हे हा, आफ्रिकेकडचा, याच्याहून लय मोठा होत नाय म्हणे. महेशनं आणला, माझ्या पोरानं, मुंबईच्या कोण्या दोस्ताकडून. त्याला म्हणलं लग्न कर, एखादं माणूस आण घरात, तर हे आणलं. नाव काय, तर टायगर! आन् वर्ष नाय झालं तर स्वतः गेला मस्कतला एशी बसवायच्या कामाला, आन् ही काचेची पेटी माझ्या उशाशी. जाताना म्हणतो, आबा, काय त्रास नाय, फक्त आठवड्याला एक उंदीर. फक्त! माझ्या गळ्यात ही तुळशीची माळ, उभ्या जन्मात अंड्याला हात लावला नाय, आन् आता म्हातारपणी गुलाबाच्या वाफ्यात पिंजरे मांडत हिंडतो, उंदीर सापडला की आनंद होतो मला. वर विठ्ठल बघत असंल तर कपाळाला हात मारत असंल.

कधीपासून म्हणता? आषाढ लागला आन् हा पाण्यात जाऊन बसला. ती परात बघा — प्यायला म्हणून पाणी ठेवलेलं, तर हा त्यात वेटोळं घालून बसला तो बसलाच. नुसतं नाकाडं वर. सकाळी बघा, पाण्यात. दुपारी बघा, पाण्यात. मी म्हणलं उकडत असंल. त्यात आली नवसाबाई. शेजारीण, माझ्याकडं मेथीच्या जुड्या बांधायला येती, पण गल्लीतल्या समद्या देवाधर्माची मुकादम तीच — तिनं बघितलं आन् पटकन पदर घेतला डोक्यावर. म्हणती, तात्या, हा तर तपाला बसलाय! आता मी काय म्हणायला पाहिजे होतं? बये, जनावर हे ते, जा, जुड्या बांध — असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणलं, मला बी तसंच वाटून राहिलंय. का म्हणलं? आता का म्हणलं! माझ्या घरात येऊन कोणी डोक्यावर पदर घेतला, असं कधी झालं नव्हतं डॉक्टर. बाया माझ्या दारात आल्या तर भांडायलाच येत्यात.

मंग यानं खाणं सोडलं. उंदीर पाठीवरनं फिरायचा, हा ढिम्म. नवसाबाई म्हणती, चातुर्मास धरला. मी म्हणलं, धरला असंल बुवा, आपल्याच्यानं एक सोमवार होत नाय. मंग अंगावर ही पांढरी भुकटी यायला लागली, ही — दिसती ना, राखेसारखी, खवल्याखवल्यात? — मंग तं काय विचारता! भस्म आलं! नागोबाच्या अंगाला आपोआप भस्म! समदी गल्ली लोटली. हळद-कुंकू काचेवर, दूध परातीत, रुपया-दोन रुपये पेटीवर, आन् जाताना एक बोट ती भुकटी घेऊन कपाळाला. कोणी लेकराला लावली, कोणी सवतीला. मी? मी बी लावली. रोज लावायचो. गुडघा थांबला होता माझा त्यानं, खरंच सांगतो.

काय पुसता त्या फडक्यानं? थांबा, मी धरतो त्याला. असा, मानेच्या मागं नाय, पोटाखाली हात घालायचा, म्हणजे तो घाबरत नाय — हां, बघा, कसा आला हातावर. तेवढं जमतं मला. टीव्ही बघताना मांडीवरच असतो ना तो... नाय, कधीमधी. थंडीचा. बरं, दाखवा — पांढऱ्या फडक्यावर हे काय? तीळ? मिरीची पूड? ...हलतंय हे. अरारा, समदं फडकं चाललंय! नखानं चिरडा बरं एक. लाल. म्हणजे रक्त हे ते. याचंच?

म्हणजे बारीक गोचीडच म्हणा की. गायीची गोचीड मला अंधारात बोटाला लागती डॉक्टर, आन् हे माझ्या नाकाखाली महिनाभर याचं रक्त पिऊन राहिले आन् मी उदबत्ती ओवाळून राहिलो! हनुवटीखालच्या घळीत हायेत... हो, दिसले. डोळ्याच्या कडेला, खवल्याच्या आत. म्हणून डोळे सुजलेत होय, मला वाटलं ध्यान लागलंय. आन् पाण्यात बसतो ते या किड्यांना बुडवायला? घ्या! तो बिचारा अंघोळ करून करून जीव वाचवतोय, आन् आम्ही त्यात दूध ओतून राहिलो. बरं, आन् ती भुकटी? ती कशानं येती मग?

...काय म्हणले? परत बोला.

किड्यांची घाण?

अरे देवा! म्हणजे मी — म्हणजे नवसाबाई — अहो नवसाबाई ती कपाळाला लावून वणीला देवीच्या दर्शनाला जाऊन आली! पुडी बांधून ओझरला पोरीला पाठवली, पोरगी पोटुशी हे म्हणून! अख्ख्या गल्लीनं किड्याचं शेण कपाळाला लावलं आन् त्यातनं मी तर जिभेवर बी... नाय, जाऊ द्या ते. थांबा, मला जरा हसू द्या. चौऱ्याहत्तर वर्षं, चौथी नापास, पण आपल्याला कोणी येडं बनवू शकत नाय ही घमेंड होती डॉक्टर. आन् बनवलं कोणी, तर मिरीएवढ्या किड्यानं.

तो पंप? तो... तो भरूनच ठेवलाय मी. आता खरं सांगायलाच पाहिजे. मघाशी फडक्यावर तीळ-मिरी म्हणलं ते नाटक होतं. काल संध्याकाळी दिवा आडवा धरला तेव्हा दिसले मला हे किडे, आन् ओळखले बी — म्हणलं हा तर कोळी! गुलाबावरचा लाल कोळी! पानामागं बसतो, रस पितो, पान पांढरं पडतं, समदं तेच. आन् कोळ्याला मारायचं म्हणलं तर आपला हात कोण धरणार, तीस वर्षं मारतोय मी तो. औषध ढवळलं, पंप पाठीवर घेतला, नळी पेटीत घातली — अहो ओरडू नका, मारलं नाय! दट्ट्या अडकला. पंप जुना हे, दट्ट्या अडकतो. सकाळी तेल घालून मारणार होतो. तेवढ्यात म्हणलं, डॉक्टरला विचारावं, प्रमाण किती. ...मेला असता? समदा? एका फवाऱ्यात? बरं. बरं, उचला तो पंप, ठेवा गोठ्यात. गोठ्यात बी नको, बाहेर ठेवा.

सांगा, काय काय करायचं. पेटीतलं लाकूड फेकायचं, भुसा फेकायचा, अंडी घालत्यात त्याच्यात. पेटी कढत पाण्यानं, सांधे दाताच्या ब्रशनं. खाली नुसता कागद टाकायचा, म्हणजे किडा पडला की दिसतो. याला कोमट पाण्यात बसवायचं, मान वर. डोळ्याच्या कडेनं तेलाचा बोळा. आन् हे तुमचं औषध फडक्यावर घ्यायचं, अंगावरनं फिरवायचं, तोंडाला नाय. वाळल्याशिवाय पेटीत नाय, परात बी तवर बाहेर. आन् परत करायचं, परत करायचं, कारण अंडी मरत नायत, मागनं फुटत्यात. समजलं. पंचमीला जीव मारायचा नसतो, आज चिरायचं बी नसतं, पण यांना सोडायचं म्हणजे नागोबालाच मारायचं, मंग पंचमी कोणाची? मारा तुम्ही. पाप माझ्या नावावर टाका, तिथं जागा हे अजून.

महेशला? सांगितलं ना त्याला. सांगितलं होतं. आषाढातच. तो म्हणला, लगेच डॉक्टरला दाखव. ...हो, मंग महिनाभर काय करत होतो. तुम्ही फडकं फिरवा, माझ्याकडं काय बघता? अहो त्याचं कसं, तो रविवारी फोन करतो. टायगर कसा हे? बरा हे. खातो का? खातो. बरं, ठेवतो. मी कसा हे ते गॅस संपला का नाय याच्या बी नंतर. मंग मी टायगरचं लांबवून सांगायचो — आज असा वळला, आज तशी कात टाकली — कात टाकली नसली तरी सांगायचो, दोन-चार काती मी माझ्याच टाकल्यात त्याच्या नावानं. आन् हा पाण्यात बसला म्हणून सांगितलं, तर बुधवारी परत फोन! आपणहून! मस्कतवरनं! खात नाय म्हणलं, तर शुक्रवारी. अर्धा अर्धा तास बोलला हो पोरगा. आवाज बसलाय का आबा तुमचा, असं बी विचारलं एकदा. डॉक्टरला दाखवलं का म्हणला की मी सांगायचो, डॉक्टर गावाला गेलाय. तुम्ही कुठं गेले नव्हते, माहिती हे मला. रोज तुमची फटफटी जायची दारावरनं. मी आवाज ऐकायचो आन् हाक मारायचो नाय.

काल यानं मान टाकली परातीच्या काठावर. उचललं तरी उचलना. तेव्हा घाम फुटला मला. हा मेला तर महेश एकदा फोन करंल. रडंल बी. आन् मंग? मंग रविवारी तो काय विचारणार?

झालं? ...बघा, जीभ काढली त्यानं. वाचंल ना? नक्की वाचंल? नवसाबाईला काय, सांगतो मी काय तरी — तप फळाला आलं, नागोबा उठला, आता भस्म बंद. दूध बी बंद, नाय तर मी मारुतीच्या पारावर चढून खरं सांगंल म्हणावं. आन् जगतो किती डॉक्टर हा? सहज विचारतो. नीट ठेवला, उंदीर वेळेवर दिला तर — पाच-सात वर्षं?

किती?

पंचवीस. ...तीस बी?

तीस.

मंग तवर मी... म्हणजे रविवारी फोन वाजंल, आन् हा असा वेटोळं घालून — उचलणार कोण?

नाय, काय नाय. औषधाची बाटली ठेवा हितं आन् निघा. मागनंच जा, गायीकडनं. बसून काय राहिले? निघा म्हणलं ना.