ध्वजधराची पाठ

बारा फेब्रुवारी. सकाळपासून आभाळ भरलेलं, पाऊस नाही, उजेड सगळीकडून सारखा — हो, हो, असंच लिहिलंय त्या कॅलेंडरवर, बरोबर वाचलंत, मीच लिहिते रोज. छे हो, हवामान खात्यात कुठली! चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते मी. ही सवय बाबांची. ते खिडकीशी बसूनच चित्रं काढायचे, दिव्याखाली काढलेली रेघ दिवसा खोटी दिसते म्हणायचे, म्हणून प्रत्येक पानामागे तारीख आणि त्या दिवशीचा उजेड. ते गेले, सवय घरात राहिली, आणि घरात मी एकटीच, तेव्हा माझ्याच अंगावर येणार. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो — हां, ही घ्या. तर तुम्ही काय म्हणत होतात? सगळे अंक तुम्हाला पुन्हा छापायला हवेत, कारण तुमच्या कचेरीतले गोदामाच्या ओलीने गेले, आणि धड राहिलेले फक्त माझ्याकडे. आणि सगळे दिले तर मुखपृष्ठावर बाबांचं नाव. हे कळलं मला. फोनवरही कळलं होतं, म्हणून तर हो म्हणाले होते. इतकी वर्षं ‘ध्वजधर’चा चित्रकथेचा अंक निघाला, घराघरात गेला, आणि आत एका कोपऱ्यातसुद्धा चित्रकार म्हणून बाबांचं नाव नाही. मालकाचं होतं. छापखान्याचं होतं. शाईच्या कारखान्याची जाहिरात होती.

नाही, मी उघडलेच नव्हते कधी. तुम्ही यायचं म्हणालात म्हणून गेल्या आठवड्यात काढले, दुकानातून आल्यावर रोज थोडे थोडे, पहिल्यापासून ओळीने. हा बघा, अकरावा. ध्वजधराच्या हनुवटीला पट्टी आहे, दिसली? शत्रूच्या छावणीत जखम झाली असं लिहिलंय ना? काही नाही, दादा सायकलवरून पडला होता. माझा थोरला भाऊ हो — त्याच्यावरूनच तर काढायचे बाबा, समोर माणूस असल्याशिवाय त्यांचा हात चालायचा नाही. आता त्याच्या हनुवटीला टाके, अंक तर द्यायचाय, मग कथा लिहिणाऱ्या काकांनी रातोरात एक छावणी उभी केली आणि तिच्यात याला मार खायला घातलं. आई म्हणाली, देशासाठी रक्त सांडलं म्हणायचं आणि सायकलचं चाक मी सरळ करून आणायचं! हसा, हसा, आम्हीही हसायचो. हा विसावा घ्या, इथे गाल सुजलाय, दाढ. दात-ओठ आवळ, बाबा म्हणायचे, पण दुखतंय असं दिसू देऊ नकोस. आणि तो म्हणायचा, दुखतंय तर दिसणारच.

गल्लीत सगळे त्याला ध्वजधरच म्हणायचे. आधी कौतुकाने. मग तो मोठा झाला, मिसरूड फुटलं — ते बाबा काढत नसत, ध्वजधर कायम गुळगुळीत — आणि कोपऱ्यावरची पोरं म्हणायला लागली, काय रे, कागदावर फार उड्या मारतोस! एवढंच. याहून जास्त कोणी काही म्हणालं असेल तर मला माहीत नाही. एकोणिसाव्या वर्षी जाऊन भरती झाला. बाबांनी अडवलं नाही — कसे अडवणार, हाताने दर महिन्याला तेच तर काढत होते. लढाई? नाही हो. लढाईपर्यंत गेलाच नाही तो. प्रशिक्षणाला होता, उतारावर ट्रक उलटला, दुसऱ्याच महिन्यात. वर्तमानपत्रवाल्यांना फोटो हवा होता, फोटो घरात चांगला नव्हता, सगळे बाबांनी चित्रासाठी घेतलेले, अर्धवट, नुसता कान, नुसता जबडा. मग त्यांनी अंकातलं चित्र छापलं. बातमी दादाची आणि चित्र ध्वजधराचं, झेंडा खांद्यावर घेतलेलं. आणि त्याच शुक्रवारी नवा अंक आला टपरीवर, त्यात हा पुलावरून उडी मारतोय, ठणठणीत — दोन अंक नेहमी पुढचे तयार असायचे ना, छपाईला गेलेले. आई टपरीवर गेली आणि एकेक अंक पालथा घालून आली. टपरीवाल्याने संध्याकाळी परत उताणे केले असतील, त्याचाही धंदा होता.

पाणी हवंय? नको? बरं.

आई म्हणाली, त्याला मारून टाका एकदाचं. ध्वजधराला. मालक म्हणाले, वेडे झालात का, आत्ता? आत्ता तर लोकांना तो हवाय. बाबा मधल्या मध्ये. मग त्यांनी त्रेपन्नावा अंक काढला — हा — यात चेहरा धुरात आहे. चौपन्नमध्ये अंधारात. पंचावन्नपासून नुसती पाठ. उडी मारतो, पाठ. तटावर उभा, पाठ. मुलांची पत्रं यायला लागली, ध्वजधर कधी वळणार, आणि मालक खूश, म्हणाले काय झकास युक्ती काढलीत! खप वाढला तेव्हा. तुमच्या कचेरीत असेल ना नोंद त्याची.

ती पाठ माझी आहे.

अहो खरंच. चौदा वर्षांची होते मी. स्वयंपाकघरातलं स्टूल खिडकीशी आणायचं, त्यावर उभं राहायचं, अंगात बाबांचा कोट, खांद्यांत दोन टॉवेल गुंडाळून कोंबलेले, आणि वरून पडदा — तो तुमचा वाऱ्यावर उडणारा झगा म्हणजे आमच्या मोरीचा पडदा, खाली दोरीने ताणून खिडकीच्या गजाला बांधलेला. पोक काढू नकोस, बाबा म्हणायचे, देशाची लाज जाईल. मला सर्दी असली की आई आतून ओरडायची, ध्वजधर शिंकला गं बाई, आता शत्रू पळणार! म्हणजे आई नंतर थोडं बोलायला लागली होती. बरंच नंतर.

मागे वळायचं नाही, हा एकच नियम होता. पेन्सिल चाललेली ऐकू यायची, थांबलेली ऐकू यायची. मला समोर खिडकी, पलीकडच्या घरातली बाई कपडे वाळत घालायची, तिचे सगळे कपडे मला पाठ होते. एकदा पेन्सिल फार वेळ थांबली. फार वेळ. मला वाटलं, यांना बरं नाही की काय, म्हणून वळले. बाबा माझ्याकडेच बघत होते, पेन्सिल हातात, आणि — कसं सांगू — रागावले वगैरे नाहीत. तुम्ही स्टेशनवर कोणाला न्यायला गेला आहात, समोरून त्याच अंगलटीचा माणूस येतोय, आणि जवळ आल्यावर दुसराच निघतो. तसं त्यांचं तोंड झालं. मग म्हणाले, फिर तिकडे. मी फिरले. त्यानंतर शेवटच्या अंकापर्यंत, माझं लग्नाचं बघायला लागले तरी, उभी राहिले आणि वळले नाही कधी. लग्न? नाही झालं. ते सोडा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

दाखवा, आणलाय ना नव्या चित्राचा नमुना. हं. वळवलंत म्हणजे त्याला. त्याच जागी उभा, फक्त तोंड इकडे. चांगला आहे मुलगा, दातही सरळ. कोणावरून काढलाय? कोणावरूनच नाही? असं होय. आणि हा झाला की जुन्या पाठी छापणार नाही, तिथे सगळीकडे हा. हो, कळतंय, आजकालच्या मुलांना पाठ कोण दाखवणार, मोबाइलवर एवढंसं चित्र. बरोबर आहे तुमचं. मी फोनवर हो म्हणालेच होते. परवापर्यंत होच होतं.

परवा शेवटचा अंक काढला. बाबा आजारी होते तेव्हाचा, हा झाला आणि मग ते गेलेच, मालकांनी बंद केला. हे पान. तटावरून गाव बघतोय. आता खांदे बघा, उतरलेत ना? टॉवेल नाहीत. त्या दिवशी म्हणाले होते, राहू दे आज टॉवेल, मला वाटलं घाई आहे. आणि मान जराशी — जराशीच — वळलेली आहे, मी वळवली नव्हती, मला पक्कं आठवतं, त्यांनीच वळवलीय कागदावर. कान दिसतो. पाळीवर एक ठिपका आहे. तसं नाही दिसणार, हे भिंग घ्या, दुकानातलंच आहे. मला वाटलं शाईचा, छपाईचा असेल. माझ्याकडे या अंकाच्या दोन प्रती आहेत, दुसरीत बघितलं, तिथेही तिथेच, आणि त्याच्याभोवती बारीक रेघ. भोक आहे ते. कान टोचलेला आहे. दादाचे कान टोचलेले नव्हते हो.

नाही, रडत नाहीये, भिंगातून बघितलं की माझ्या डोळ्यांना पाणी येतं, दिवसभर तेच काम. द्या ते इकडे.

तर त्रेपन्नाव्यापासूनचे मी देत नाही. पाठी आहेत तशा छापणार असाल तर सगळे न्या, आत्ता न्या, पिशवीही देते. चेहरा काढायचा असेल तर नाही. नावाचं? नावाचं माहीत आहे मला, तुम्ही दोनदा सांगितलंत. पहिले बावन्न न्यायचे तर ते न्या, तो दादा आहे, त्याला लोकांनी बघावं. विचारा साहेबांना. करा फोन — इथे आवाज नीट येत नाही, जिन्यात जाऊन करा, मी थांबते.

काय म्हणाले?

बरं. पहिले बावन्न तुम्ही छापणार. पुढचे इथे राहणार. मुखपृष्ठावर नाव नाही. बरोबर? बरोबर. दोरी घट्ट बांधलीय, जिना उतरताना खालच्या बाजूने धरा. या आता.