चिमण्याची टोपी

नाही हो, त्या ढिगाला हात नका लावू, तो मळका, धुतलेले इकडे — आणि बसा की, त्या साबणाच्या डब्यावर बसा, मोडत नाही, मी रोज बसते आणि मी काही तुमच्यासारखी काडी नाही. काय विचारलंत? कपड्यांवरून काय कळतं? घ्या! येऊन दोनच दिवस झालेत तुम्हाला, म्हणून विचारताय, डॉक्टरीणबाई. तुमच्या आधीचे डॉक्टर, ते कावीळ होऊन घरी गेले ना, ते सकाळचा चहा इथंच घ्यायचे, या गाडीत, मशीनच्या धडधडीत, आणि म्हणायचे, आजी, आज कोण कसा आहे ते आधी तू सांग, मग मी तपासतो. एकवीस दिवसांची शर्यत, आठ पोरं, रोज दीडशे-दोनशे किलोमीटर सायकल हाणायची, आणि संध्याकाळी एकेकाची जाळीची पिशवी माझ्यापुढे. पिशव्यांवर नंबर असतात म्हणे — मला काय करायचेत नंबर, मी शाळेची पायरी चढलेली नाही, मी प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. लाल दोरा हत्तीचा, तो दांडगा हो, सपाट रस्त्यावर शेवटी मुसंडी मारतो तो, त्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग, इतके की खरवडून भाजीत घालावं. हिरवा दोरा त्या लाजऱ्याचा, मागच्या गाडीतून सगळ्यांना पाणी नेऊन देतो बिचारा, पाठीचे खिसे बाटल्यांनी ताणून ताणून लोंबायला लागलेत. आणि निळा दोरा आपल्या चिमण्याचा.

चिमणा मीच म्हणते, बाकीचे आता साहेबांसारखे बोलतात त्याच्याशी. पहिल्या नंबराची जर्सी ना अंगात! चौदा सेकंदांनी पहिला. चौदा! दोनदा शिंकलात की गेले चौदा सेकंद. सतरा वर्षं मी या संघाचे कपडे धुतेय, पहिल्या नंबराची जर्सी माझ्या मशीनमध्ये कधी पडली नव्हती, परवा पडली तर मी ती मशीनला दिलीच नाही, हातानं धुतली, लेकीच्या लग्नातला शालूसुद्धा मी इतका जपला नसेन. आणि पोर कसं म्हणाल तर — रोज बक्षिसाचा फुलांचा गुच्छ मिळतो ना त्याला, तो मला आणून देतो. आजी, मशीनवर ठेवा, म्हणतो, साबणाचा वास मरेल. — काय? काल पडला तो? छे, ते कोपर, खरचटलं नुसतं, पट्टी तुम्हीच लावलीत की. बोगद्यात पडला, कॅमेऱ्यातसुद्धा आलं नाही, उठला आणि निघाला. हेल्मेटसुद्धा कड्याजवळच्या कुणा प्रेक्षकाला भेट देऊन टाकलं, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि गाडीतून दुसरं घेतलं, पट्टा तुटला म्हणाला. संघाचे मोठे साहेब खूश, म्हणे काय मन आहे पोराचं! मन आहेच मोठं. पण डोंगराच्या उतारावर, चौदा सेकंद हातात असताना, थांबून भेट देतं का कुणी? — मी आपलं म्हटलं. तुम्ही लिहू नका हो ते. ठेवा ती वही खाली.

हे बघा, माझ्या पोटात सगळं राहतं. कोण रात्री रडतो, कोणाच्या खिशात बायकोची चिठ्ठी सापडते, कोण अंथरूण ओलं करतो — हो, एवढाले बाप्ये, भीतीनं — सतरा वर्षांत एक शब्द बाहेर नाही. तोंडात तीळ भिजत नाही अशातली मी नव्हे. म्हणून तर येतात माझ्याकडे. हा मोजा कुठला, दोन्ही डावेच कसे आले — बघा, हात चालत नाही आज माझा, सकाळपासून त्याच सहा मोज्यांच्या जोड्या लावतेय आणि सोडतेय. झोप नाही. मशीनचं काय, ते चालतच असतं, त्यानं नाही. आणि उलटीचं म्हणाल तर उलट्या सगळेच करतात. घाटात दम निघाला की होते, चालत्या सायकलवर, वारा ती खांद्यावर फेकतो. खांद्यावर असली तर मी काळजी करत नाही. त्याची खांद्यावर नव्हती. शर्यत संपल्यावर घालतात ना ती सैल विजार, तिच्या गुडघ्यांवर होती. म्हणजे बसून, खाली वाकून, मुक्कामावर आल्यावर. एवढंच.

नाही, सांगितलं ना, एवढंच!

ती टोपी तेवढी — अहो टोपी म्हणजे काय, हेल्मेटच्या आत घालतात ती, हातरुमालाएवढी. पिशवीत नव्हती. स्वतः घेऊन आला, मुठीत चुरगाळून. आजी, हिला आधी धुवा, आणि कुणाला नको. पाच दिवस राहिलेत, आजी, शपथ घ्या. घेतली मी शपथ. का नाही घेणार? तो पहिला यावा हे मलासुद्धा पाहिजे होतं ना! साहेबांना पाहिजे, हत्तीला पाहिजे, तर मला का नको? मी थंड पाणी घेतलं, रक्ताला थंडच लागतं, गरम घातलं की ते बसतं कायमचं. तीनदा पाणी बदललं. डाग गेला. माझ्या हातून डाग राहत नाही हो — तुम्हाला आता टोपी दाखवली तर कोरी करकरीत, काय सिद्ध करणार तुम्ही? पण पहिलं पाणी लाल होतं. आणि डाग होता मागच्या बाजूला, कानाच्या वर, कोपराचं रक्त नव्हे ते.

मग अर्ध्या तासानं आला. आजी, माझी टोपी दिली का मी तुम्हाला? म्हटलं दिलीस की रे, ही काय वाळतेय. हसला. जेवण झाल्यावर पुन्हा आला — आजी, तुम्हाला एक टोपी द्यायची होती, सापडत नाही. मी म्हटलं थट्टा करतोय. पोरं करतात माझी थट्टा, म्हातारी म्हणून. आणि आज सकाळी सहाला तिथं दारात उभा, उजव्या हातात बूट, आणि मला विचारतो, आजी, आज कुठला डोंगर? — सहा महिने झाले, त्याला प्रत्येक वळण पाठ आहे. झोपेत म्हणतो ती वळणं. मी म्हटलं, मोठा आहे रे, आणि पलीकडे मोठाच उतार. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत, आजी. पाया पडल्यासारखा वाकला आणि मशीनला धरून उभा राहिला. मी त्याला काय म्हटलं माहीत आहे? चहा घे म्हटलं. चहा!

कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतं का? नाही राहत. किती वाजले? अकराला निघतात ना ते? — साडेदहा? मग मला बोलू काय दिलंत इतका वेळ! एवढ्या शिकलेल्या तुम्ही, म्हातारीच्या मोज्यांच्या गोष्टी ऐकत बसता? तो ओरडेल तुमच्यावर, ओरडू दे. नाही म्हणेल, कोपर दाखवेल. तारीख विचारा. जेवला काय ते विचारा. मी त्याची आजी नाही, सांगितलं म्हणून तोंड बघणार नाही तो माझं, साहेब घरी बसवतील — बसवू देत. रडत नाहीये मी, साबण आहे. उठा ना! समोरच्या हॉटेलात, तिसरा मजला, जिन्यावरून डावीकडे. आणि ऐका — लिफ्टची वाट बघत उभ्या राहू नका.