यष्टिरक्षकाचं बोट

परदेशातल्या एका चिमुकल्या देशात, एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं.

"अहो, बसा की एका जागी! येरझारा घालून नंबर लवकर लागणार आहे का?"

"परवा शेवटचा सामना आहे. जिंकलो तर आपला हा देश वरच्या गटात जाईल."

"बोट बघा, कसं टम्म सुजलंय. दुसऱ्या कुणाला तरी उभं करा यष्टींमागे."

"दुसरा आणू कुठून? कामावरून अकराच जणांना रजा मिळालीय."

"म्हणे देशाचा संघ!"

"उगाच टोमणे मारू नकोस. बोट मोडलेलं निघालं तर खेळू देणार नाहीत मला."

"पुढचे या! कुठल्या बोटाचा एक्स-रे काढायचाय?"

"हे."

"अहो, हा तर तुमचा चांगला हात!"

"हळू बोल की जरा."