भिंगरीचे दिवस

आई – कुत्रं कुठून आलं?

बाबा – कुठलं कुत्रं?

आई – कालच्या लिखाणातलं. बसस्टॉपवरचं. भिंगरीनं म्हणे स्वतःच्या गळ्यातला पिवळा मफलर काढून त्याच्या गळ्यात बांधला आणि कुडकुडत घरी आली.

बाबा – तूच तर तपासून दिलंस काल. दोन चुका काढल्या होत्यास.

आई – मी कुत्र्याचं विचारतेय.

बाबा – अगं, ते... पाचवीत होती ती. थंडी होती.

आई – पाचवीत असताना आपली मुलगी कुत्रं दिसलं की दोन गल्ल्यांचा वळसा घालून शाळेत जायची. रोज उशीर व्हायचा म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. तुम्हीही होतात.

बाबा – सव्वासात झाले. आजचं अजून लिहायचंय. आठच्या आत ब्लॉगवर टाकायला हवं. हे आपण नंतर बोलू.

आई – आजचं लिहिलंच नाहीत? रोज दुकानातून छापून आणता.

बाबा – गर्दी होती दुकानात.

आई – चष्म्याच्या दुकानात गर्दी?

बाबा – एकच गिऱ्हाईक होतं. पण फार वेळ होतं.

आई – आमच्या प्रेसमध्ये त्या नव्या डीटीपीवाल्या बाई आहेत ना, त्या आज माझ्या टेबलाशी आल्या. डोळे पुसत. म्हणाल्या, ताई, मी तुमच्या घरचा ब्लॉग रोज वाचते, कालचं कुत्र्याचं वाचून मला राहवेना. काय गुणी लेक होती हो तुमची. मी म्हटलं, हो. मग मी त्यांच्याच संगणकावर ते उघडलं आणि वाचलं.

बाबा – आधी तपासताना वाचलंच होतंस की.

आई – नाही.

बाबा – नाही म्हणजे?

आई – तपासलं होतं. वाचलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक नाही का मी प्रूफं कशी तपासते? शेवटच्या शब्दापासून वर जाते. ओळीच्या टोकाकडून मागे. म्हणजे मजकूर डोक्यात शिरत नाही, चुका तेवढ्या दिसतात. प्रेसमध्ये मी सगळ्याच पुस्तकांना तसं करत नाही. तुमच्या कागदांना करते.

बाबा – सगळ्या?

आई – पहिल्या दिवसापासून. ती जाऊन सोळा दिवस झाले होते. तुम्ही पहिला कागद आणून समोर ठेवलात, म्हणालात एवढं बघून दे, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. त्यात तिच्या दप्तराचं काहीतरी होतं. मला एकच ओळ वाचता आली. मग मी पान खालून धरलं.

बाबा – अकराशे चौऱ्याऐंशी दिवस झाले.

आई – मला आकडा माहीत आहे. वर लिहिलेला असतो, तो तपासावा लागतो.

बाबा – आणि तू एकही... एकही वाचलं नाहीस?

आई – कालचं वाचलं. आज.

बाबा – मला वाटत होतं, तू वाचतेस. मी त्यावरच चाललो होतो.

आई – म्हणजे कसं?

बाबा – खोटं असतं तर तू अडवलं असतंस.

आई – खोटं असतं तर म्हणजे? हे कुत्रं पहिलं नाही?

बाबा – पाणी देतेस थोडं?

आई – तांब्या तुमच्या हाताशी आहे. पहिलं नाही ना?

बाबा – ऐक. सुरुवातीला मला दिवस पुरे पडत नव्हते. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये लिहायला बसलो की एका दिवसाला तीन-तीन आठवणी यायच्या. चिठ्ठ्यांवर टिपून ठेवायचो, उद्या हे, परवा ते. काचा ठेवायच्या डब्यात चिठ्ठ्या. मग हळूहळू डबा रिकामा झाला. चौदा वर्षांची पोर, गं. किती असणार? मी तिचे कप्पे काढून बसायचो. शेजारच्या काकूंना विचारलं, तिच्या वर्गशिक्षिकेला फोन केला. त्या म्हणाल्या, शांत मुलगी होती. शांत! दुसऱ्याच कुणाचं तरी सांगत होत्या. मग सहाशे अकराव्या दिवशी काहीच नव्हतं. साडेपाच वाजले, सहा वाजले. शेवटी लिहिलं, भिंगरीला काच घासायच्या यंत्राचा आवाज आवडायचा, त्या आवाजात ती माझ्या टेबलाखाली झोपायची.

आई – ती कानांवर हात ठेवून ओरडायची, बंद करा म्हणून.

बाबा – ते मला माहीत आहे. कागद घेऊन घरी येताना जिन्यात थांबलो होतो. म्हटलं, आता ही भडकणार. आणि खरं सांगू, भडकलीस तर बरं, असंच वाटत होतं. तू कागद घेतलास, एक वेलांटी बदललीस, एक काना घातलास आणि परत दिलास. मला वाटलं, चालतंय. हिला चालतंय. मग वाटलं, कदाचित झोपतही असेल ती टेबलाखाली. मलाच आठवत नसेल, हिला आठवत असेल.

आई – देवा.

बाबा – तू तपासलेलं ते खरं. असं झालं होतं माझं.

आई – बंद करायचं होतं ना. आठवत नव्हतं, मन लागत नव्हतं, तर थांबायचं. कुणी बांधून ठेवलं होतं? त्या वाचणाऱ्या चार लोकांनी?

बाबा – लोकांनी नाही.

आई – मग?

बाबा – ब्लॉग थांबला असता, तर सात वाजता तू या टेबलाशी बसली असतीस?

(आई टेबलावरची लाल पेन्सिल उचलते आणि पुन्हा ठेवते.)

बाबा – पहिल्या पंधरा दिवसांत तू ओट्याशी उभी राहून जेवायचीस. मी आत आलो की तू बाहेर. तो पहिला कागद दिला, तेव्हा तू बसलीस. वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलीस. आपण काय बोलायचो? इथं स्वल्पविराम हवा. हा शब्द दोनदा आलाय. एवढंच. पण बसायचीस. मी कसं थांबणार?

आई – तुम्ही विचारायचंत.

बाबा – काय विचारायचं? माझ्याशेजारी बसशील का? बावीस वर्षं झाली लग्नाला.

आई – माझं ऐका आता. मी वाचत नव्हते, ते नको होतं म्हणून नाही. आत्ता नको होतं. मला वाटायचं, हे रोज लिहून ठेवताहेत, सगळं राहतंय. मी विसरले तरी हरकत नाही. मी खरंच सोडून देत होते हो. भांडी घासताना तिचं काही आठवायला लागलं की म्हणायची, असू दे, ते लिहितील. नोकरी संपली की एका सकाळी बसायचं आणि पहिल्या दिवसापासून सुलटं वाचत जायचं, असं ठरवलं होतं मी. तेवढ्यावर दिवस काढत होते. आणि तुम्ही त्यात कुत्रं घातलंत.

बाबा – पहिले सहाशे दहा खरे आहेत.

आई – नक्की?

बाबा – पाचशेच्या पुढे थोडी भर आहे. भर म्हणजे, झालेलंच, पण जरा सजवून.

आई – आणि सहाशे अकराच्या पुढे?

बाबा – मिसळलंय.

आई – कुठलं खरं, कुठलं नाही, सांगता येईल? खूण केली आहे कुठं?

बाबा – नाही. आधी कळायचं. आता... परवा मी लिहिलं की ती झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर ठेवायची. लिहिताना मला वाटलं हे खरं आहे, किती दिवसांनी खरं सापडलं. रस्त्यात पुन्हा वाटलं, की मीच रचलं? ठेवायची ना गं पाय बाहेर?

आई – ठेवायची.

बाबा – बघ.

आई – थांबा. ठेवायची का? आता मला तो पाय दिसतोय. पण तुम्ही आत्ता म्हणालात म्हणून दिसतोय की... मला नाही सांगता येत. बघा काय केलंत. मलाही नाही सांगता येत.

बाबा – रडू नकोस.

आई – रडत नाहीये. चिडलेय. तुम्हाला फरक कळत नाही, तिला कळायचा. आज मी त्या बाईंच्या संगणकावर खाली-खाली जात मागची आठ-दहा पानं वाचली. सगळीकडे ती गोडच. कुणाला डबा देते, कुणाचं दप्तर उचलते, आजारी मैत्रिणीला वही लिहून देते. तुमची मुलगी फार गुणी आहे. माझी तशी नव्हती.

बाबा – असं काय बोलतेस?

आई – माझी धडधडीत खोटं बोलायची. दुसऱ्यांच्या पेन्सिली चावून परत द्यायची. मावशीच्या घराला वास येतो, असं मावशीच्याच तोंडावर म्हणाली होती. रागावली की दार असं आपटायची की त्याची वरची बिजागरी निखळली, ती अजून तशीच आहे. मला ती हवी आहे. दारवाली.

बाबा – अगं, पण गेलेल्या मुलीची गाऱ्हाणी कशी लिहायची? लोक काय म्हणतील?

आई – म्हणून संपल्या तुमच्या आठवणी. चांगल्या तेवढ्या वेचून घेतल्यात आणि बाकीचं डब्याबाहेर. चांगली ती किती असणार? रोज सकाळी आंघोळीवरून भांडायची, ते एकदा तरी लिहिलंत?

बाबा – नाही.

आई – तुमच्याशी अबोला धरला होता, ते?

बाबा – ते कसं लिहिणार? ते तर...

आई – ते तर काय?

बाबा – त्यात माझीच चूक होती.

आई – सांगा.

बाबा – तुला माहीत आहे.

आई – मला तिनं सांगितलेलं माहीत आहे. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

बाबा – तेरावं वर्ष सरलं नव्हतं तिचं. फळा दिसत नाही म्हणाली म्हणून शाळेतून थेट दुकानात आली. तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी तिला खुर्चीत बसवलं, समोरचा तक्ता वाच म्हटलं. पहिली ओळ वाचली. दुसरी नाही. मी म्हटलं, नीट बघ. तर ती अंदाजानं काहीबाही अक्षरं सांगायला लागली. आणि मी... गिऱ्हाइकांकडे बघून म्हणालो, घ्या, चष्मेवाल्याचीच पोरगी आंधळी निघाली. सगळे हसले. मीही हसलो. ती खुर्चीतून उतरली, दप्तर घेतलं. दाराऐवजी आधी काचेच्या कपाटावर जाऊन आपटली. त्यावरही कुणीतरी हसलं.

आई – तुम्ही?

बाबा – आठवत नाही. हसलो असेन.

आई – कपाटाचं मला सांगितलं नव्हतं तिनं.

बाबा – नऊ दिवस बोलली नाही माझ्याशी.

आई – अकरा. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायची, तुझ्या नवऱ्याला सांग, बाथरूम रिकामी झाली.

बाबा – तुझ्या नवऱ्याला?

आई – रोज.

बाबा – हे मला माहीत नव्हतं.

आई – हसताय काय?

बाबा – तूही हसतेस.

आई – तोंड असं वाकडं करून म्हणायची. तुझ्या नवऱ्याला सांग.

बाबा – मग बाराव्या दिवशी बोलली. दुकानात आली, काउंटरशी उभी राहिली आणि म्हणाली, बाबा. बाकी काही नाही, नुसतं बाबा. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला, तो शेवटपर्यंत सापडला नाही. मला वाटलं, गेला हिचा राग. सुटलो.

आई – तिला सहलीच्या फॉर्मवर सही हवी होती. शेवटचा दिवस होता. आधी माझ्याकडे आली होती, तू कर म्हणाली. मी म्हटलं, मी करणार नाही, बाबांकडे जा.

बाबा – तू पाठवलंस?

आई – हो.

बाबा – म्हणजे माफ केलं नव्हतं तिनं.

आई – तेव्हा नाही. नंतर केलं असेल तर मला काही बोलली नाही.

(बाबा घड्याळाकडे बघतात.)

आई – जेवण गरम करू?

बाबा – आठला बारा मिनिटं आहेत.

आई – मग लिहा.

बाबा – हे? मी तिला काय म्हणालो, ते सगळं? त्या डीटीपीवाल्या बाई वाचतील.

आई – वाचू देत. जसं म्हणालात तसं लिहा. कपाटासकट.

बाबा – आणि शेवट? इतकं सगळं सांगून एकदम कुठं सोडू? काहीतरी हवं ना, ती हसली, निदान मागे वळून बघितलं...

आई – बघितलं होतं?

बाबा – नाही.

आई – मग नाही. तुम्ही सही केलीत. ती कागद घेऊन गेली.